गावाचे सांडपाणी आणि नदीचा प्राणवायू

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ही समजूत खोटी नाही. नदीत पाचोळा पडला, एखादे जनावर मरून पडले, काठावरच्या वस्तीतून थोडेफार घाण पाणी आले, तरी काही अंतर वाहत गेल्यावर पाणी पुन्हा पूर्वीसारखे होते. आपल्या आजी-पणजींनी हे डोळ्यांनी पाहिले होते. मग आज त्याच नद्या काळ्या का पडतात? नदीची ही शक्ती कोठून येते आणि ती कोठे संपते?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हणजे काय, हेही निम्मे समजते. शुद्धीकरण केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे शहर, प्रचंड टाक्या आणि यंत्रांची घरघर उभी राहते. परंतु आपल्या नद्यांच्या काठी शहरांपेक्षा लहान गावेच अधिक आहेत. म्हणून या लेखात आपण हजार-पाच हजार वस्तीच्या गावाचा विचार करू. अशा गावाला आपले सांडपाणी स्वच्छ करून नदीत सोडता येईल का? त्यासाठी काय लागते? आणि बांधलेले केंद्र पुष्कळदा बंद का पडते?

नदीचा जमाखर्च

सांडपाणी हे जवळजवळ सगळे पाणीच असते. त्यातील घाण वजनाने हजार भागांत एक भागाच्या आसपास भरते. ही घाण मुख्यतः सेंद्रिय असते. मलमूत्र, अन्नाचे कण, तेल, साबण ही तिची घटकद्रव्ये. नदीतील जीवाणूंच्या दृष्टीने हे सारे अन्न असते. ते ते खातात, त्यांची संख्या वाढते, आणि खाल्लेल्या अन्नाचे ज्वलन करण्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. शेवटी घाणीचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रेट यांसारख्या साध्या पदार्थांत होते. यालाच आपण नदीचे स्वयंशुद्धीकरण म्हणतो.

म्हणजे शुद्धीकरणाचे काम करतात जीवाणू, आणि त्याची किंमत मोजली जाते ती प्राणवायूत. म्हणूनच पाण्यातील घाण मोजताना तंत्रज्ञ तिचे वजन करीत बसत नाहीत. ती खाऊन टाकण्यासाठी जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, हे ते मोजतात. या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी किंवा थोडक्यात बी.ओ.डी. म्हणतात. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठराविक तापमानाला काही दिवस ठेवायचा आणि आतील प्राणवायू किती कमी झाला ते पाहायचे, अशी ही चाचणी आहे. इंग्लंडमध्ये ती २० अंश सेल्सिअसला पाच दिवस करण्याची प्रथा पडली. आपल्याकडची हवा उष्ण, म्हणून भारतीय मानकानुसार ती २७ अंशांना तीन दिवस करतात.

आता खर्चाची बाजू कळली. जमेची बाजू मात्र फार तोकडी आहे. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, पण पाण्यात तो अगदी थोडा विरघळतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले, की हे प्रमाण ७.५ मिलिग्रॅमच्या आसपास येते. मासे जगायचे तर त्यांपैकी निदान ४ मिलिग्रॅम पाण्यात शिल्लक राहायला हवा. म्हणजे उन्हाळ्यात एक लिटर नदी आपल्या घाणीसाठी साडेतीन मिलिग्रॅम प्राणवायू देऊ शकते. पाणी मुळात पूर्ण भरलेले नसते हे लक्षात घेऊन आपण ३ मिलिग्रॅम धरू.

एका माणसामागे रोज किती बी.ओ.डी. तयार होते? हा आकडा राहणीमानानुसार कमीजास्त असतो. हिशोबासाठी आपण ४५ ग्रॅम धरू. वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल असे हे गणित आहे. हजार वस्तीच्या गावाची रोजची मागणी झाली ४५ किलोग्रॅम, म्हणजे ४ कोटी ५० लाख मिलिग्रॅम प्राणवायू. दर लिटरला ३ मिलिग्रॅम मिळत असेल, तर त्यासाठी रोज दीड कोटी लिटर पाणी वाहायला हवे. सेकंदाला सुमारे १७४ लिटर! पंधरा लिटरच्या बादल्या मोजल्या, तर दर सेकंदाला जवळजवळ बारा बादल्या. वाहता वाहता नदी हवेतून आणखी प्राणवायू घेत असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी प्रवाहही पुरतो. तरीही आपल्याकडच्या किती ओढ्यांना आणि लहान नद्यांना एप्रिल-मे महिन्यांत एवढे पाणी असते, हे विद्यार्थ्यांनीच पाहून सांगावे.

उन्हाळा नदीवर तिहेरी संकट आणतो. प्रवाह आटतो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि उष्णतेमुळे जीवाणूंची भूक वाढते. साधारणपणे दहा अंश तापमान वाढले, की त्यांच्या कामाचा वेग दुप्पट होतो. प्राणवायू पूर्ण संपला, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांना प्राणवायू लागत नाही, पण ते हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू निर्माण करतात. कुजक्या अंड्यासारखा वास आणि पाण्याचा काळा रंग ही त्यांची खूण. आजी-पणजींच्या काळी नदी शुद्ध राहत होती, कारण तिच्या जमेपेक्षा आपला खर्च कमी होता.

घाण एका गावाची, त्रास दुसऱ्याला

नदीत प्राणवायू सर्वांत कमी कोठे आढळेल? नाला जेथे मिळतो तेथे, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. जीवाणूंना वाढायला आणि घाण खायला वेळ लागतो. तोवर पाणी पुढे गेलेले असते. म्हणून प्राणवायूचे प्रमाण नाल्यापासून पुढे हळूहळू घसरत जाते, एके ठिकाणी तळ गाठते आणि मग हवेतून मिळणाऱ्या प्राणवायूमुळे पुन्हा चढू लागते. आलेख काढला, तर मधोमध झोळीसारखा खोलगट भाग दिसतो. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ साली या झोळीचे गणित मांडले. जगभरचे अभियंते अजूनही त्याच्या आधारे नदीचा अंदाज बांधतात.

या आलेखात एक सामाजिक प्रश्न दडलेला आहे. झोळीचा तळ घाण सोडणाऱ्या गावाच्या समोर नसतो. प्रवाहाच्या वेगानुसार तो काही तासांच्या किंवा एक-दोन दिवसांच्या अंतरावर, म्हणजे बहुधा खालच्या अंगाच्या गावापाशी असतो. वरच्या गावाला आपल्या घाटावर पाणी बरे दिसते, नाल्याच्या तोंडापाशी थोडा वास येतो एवढेच. मासे मरतात ते खालच्या गावात. त्यामुळे ज्याला खर्च करायचा त्याला त्रास नाही, आणि ज्याला त्रास त्याच्या हाती काही नाही, अशी स्थिती होते. नदीच्या रक्षणाचा प्रश्न एकेका गावाला सुटा सोडवता येत नाही, तो याच कारणाने.

नदीचे काम टाकीत

नदीला जे काम करायला काही दिवस आणि काही किलोमीटर लागतात, ते लहानशा जागेत काही तासांत उरकता येईल का? याचे उत्तर १९१४ साली मँचेस्टरमध्ये मिळाले. आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे डेव्हीहुल्म येथील केंद्रात बाटल्यांमध्ये सांडपाणी घेऊन त्यातून हवेचे बुडबुडे सोडीत होते. पहिल्या वेळी पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढा वेळ कोणत्याच गावाला परवडणारा नव्हता. पण त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळलेले पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ मात्र टाकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी घातले आणि पुन्हा हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. असे करीत करीत अखेर हे काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले.

तो गाळ म्हणजे काय होते? तो होता भुकेल्या जीवाणूंचा साठा. दह्यासाठी आपण विरजण राखून ठेवतो, तसेच हे. विरजण जितके चांगले, तितके दूध लवकर लागते. या गाळाला सक्रिय गाळ असे नाव मिळाले आणि पुढे शहरोशहरी याच तत्त्वावर केंद्रे उभी राहिली. त्यांत आधी जाळीने चिंध्या-कागद अडवतात, मग वाळू-खडे खाली बसवतात, नंतर पहिली निवळण टाकी, मग हवा देण्याची टाकी, मग दुसरी निवळण टाकी असा क्रम असतो. तळाचा काही गाळ पुन्हा हवेच्या टाकीत पाठवतात. वाढलेला गाळ कुजवण्यासाठी आणखी वेगळी बंद टाकी लागते. चोवीस तास देखरेख करणारी जाणकार माणसे लागतात. मोठ्या शहराला हे जमते. लहान गावाने काय करायचे?

तीनशे साठ माणसांचा चर

हा प्रश्न नेदरलँड्सपुढेही होता. तो सपाट देश. तेथील कालव्यांचे पाणी संथ असल्याने त्यात हवेतला प्राणवायू फारसा मिसळत नाही. लहान वस्त्यांना मोठ्या केंद्रांचा खर्च झेपत नव्हता. तेथील टी.एन.ओ. या संशोधन संस्थेतील पासवीर यांनी अनेक टाक्या एकत्र करून एकच करता येईल का, याचा विचार केला. त्यांच्या कल्पनेनुसार १९५४ साली फोर्सखोटेन येथे पहिले केंद्र सुरू झाले. ते अवघ्या ३६० माणसांसाठी होते.

हे केंद्र म्हणजे जमिनीत खणलेला एक चर होता. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल, दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली. त्यावर आडवा बसवलेला एक फिरता ब्रश. हा ब्रश पाण्याचा वरचा थर फटकारीत असे. त्यामुळे दोन कामे एकाच वेळी होत. पाण्यात हवा मिसळे आणि पाणी चरातून गोल फिरत राही. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर राखला, की गाळ तळाशी बसत नाही. काही वेळाने ब्रश थांबवायचा. पाणी स्थिर झाले, की गाळ खाली बसतो. मग वरचे निवळलेले पाणी सोडून द्यायचे आणि ब्रश पुन्हा सुरू करायचा. हवा देण्याची टाकी तीच आणि निवळण टाकीही तीच.

यातील खरी युक्ती वेळेची आहे. मोठ्या केंद्रात पाण्याला हवा देण्याचे काम साधारणतः सहा-आठ तासांत आटोपते. चरात मात्र पाणी एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ फिरत राहते. जीवाणूंची संख्या मोठी आणि अन्न तुटपुंजे, अशी अवस्था तेथे मुद्दाम ठेवतात. अन्न संपले, की जीवाणू स्वतःच्या शरीरातील साठा जाळू लागतात. परिणामी गाळ कमी तयार होतो आणि जो होतो त्याला फारशी दुर्गंधी नसते. तो उघड्या वाळूच्या वाफ्यांवर वाळवता येतो. गाळ कुजवण्याची वेगळी टाकी वाचते, पहिली निवळण टाकीही वाचते. शिवाय ब्रशपासून दूरच्या भागात प्राणवायू कमी होतो, तेव्हा काही जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत निघून जातो. पाण्यातील नायट्रोजन कमी होणे हा नदीला मिळालेला आणखी एक फायदा.

अशा चरांसाठी माणशी सुमारे ३०० लिटर जागा धरतात. ३६० माणसांसाठी ती १०८ घनमीटर होते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक वर्गखोली घेतली, तर तिचे घनफळ एवढेच भरते. एका लहान वस्तीचे सारे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी एका वर्गखोलीएवढी जागा! ही तुलना विद्यार्थ्यांच्या चांगली लक्षात राहते. पुढे या चराचे अनेक प्रकार निघाले, त्याला वेगळी निवळण टाकी जोडली गेली आणि तो देशोदेशी पोहोचला.

वेळ, जागा आणि वीज

चराला एकच गोष्ट सतत लागते, ती म्हणजे वीज. ती किती, याचाही अंदाज काढता येतो. हजार माणसांच्या ४५ किलोग्रॅम बी.ओ.डी.साठी, अमोनियाचे नायट्रेट होण्याचा खर्च धरून, रोज सुमारे ८० किलोग्रॅम प्राणवायू पाण्यात मिसळावा लागतो. एका युनिट विजेत साधारण एक ते दीड किलोग्रॅम प्राणवायू मिसळता येतो. म्हणजे रोज ५५ ते ८० युनिट वीज हवी. पाच हजार वस्तीच्या गावाला हा आकडा रोज ३०० ते ४०० युनिटांपर्यंत जातो. हे बिल दरमहा भरावे लागते, आणि ते भरणारी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत असते.

वीज न वापरता प्राणवायू मिळेल का? मिळतो. शैवाल तो फुकट देते. उथळ तळ्यात सांडपाणी साठवले, की त्यात हिरवे शैवाल वाढते. सूर्यप्रकाशात शैवाल प्राणवायू सोडते, तो जीवाणू वापरतात. जीवाणू कार्बन डायऑक्साइड आणि खतद्रव्ये मोकळी करतात, ती शैवाल वापरते. दोघांचा संसार एकमेकांच्या आधाराने चालतो. याला स्थिरीकरण तळे म्हणतात. थंड, ढगाळ देशांत याचा वेग मंद असतो. आपल्याकडे मात्र ऊन भरपूर. भारतीय मानकाप्रमाणे २० अक्षांशाच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात, एक हेक्टर तळे रोज सुमारे २५० किलोग्रॅम बी.ओ.डी. सांभाळू शकते. मग हजार माणसांच्या ४५ किलोग्रॅमसाठी ०.१८ हेक्टर, म्हणजे जेमतेम १८ गुंठे तळे पुरते. बांध, रस्ता आणि पुढची लहान तळी धरून याच्या दुप्पट जागा लागेल असे समजू.

तळ्यालाही त्याच्या अडचणी आहेत. जमीन मुरमाड असेल तर पाणी झिरपून विहिरींत जाईल, म्हणून तळ नीट बंद करावा लागतो. काठावरचे गवत काढले नाही, तर डास होतात. काही वर्षांनी तळाचा गाळ उपसावा लागतो. क्षमतेपेक्षा जास्त सांडपाणी आले, तर दुर्गंधी सुटते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात शैवालाचे कण राहतात. पण ही सारी कामे खोरे-फावडे घेऊन गावातील माणसांना करता येण्याजोगी आहेत. पाणकणीस किंवा लव्हाळे लावलेल्या खडी-वाळूच्या वाफ्यांतून पाणी सोडण्याची पद्धतही याच जातीची. मुळांभोवती आणि खडीवर चिकटून बसलेले जीवाणू तेथे काम करतात.

या सर्व पद्धतींकडे एकत्र पाहिले, तर एक देवघेव दिसते. जीवाणू सगळीकडे तेच. त्यांना प्राणवायू आणि सवड द्यावी लागते. वीज वापरली, तर जागा आणि वेळ वाचतो. वीज नको असेल, तर जागा आणि वेळ द्यावा लागतो. शहरात जागा महाग असते, तेथे यंत्रे योग्य ठरतात. गावाजवळ २०-३० गुंठे पड जमीन आणि वर्षातले आठ-नऊ महिने ऊन असेल, तर शहराची नक्कल करण्यात कितपत शहाणपण आहे, याचा विचार गावाने करायला हवा.

स्वच्छ दिसणारे पाणी

शुद्ध केलेले पाणी किती स्वच्छ असले म्हणजे नदीत सोडावे? या बाबतीत इंग्लंडच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ साली दिलेला निकष फार प्रसिद्ध आहे. एका लिटरमध्ये बी.ओ.डी. २० मिलिग्रॅम आणि तरंगते कण ३० मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त नसावेत. हे आकडे अनेक देशांनी उचलले. त्यांच्यामागची अट मात्र पुष्कळदा विसरली गेली. हे पाणी नदीत मिसळताना तेथे निदान आठपट स्वच्छ पाणी असावे, असे आयोगाने गृहीत धरले होते. नदीच्या स्वच्छ पाण्याची बी.ओ.डी. २ मिलिग्रॅम धरली, तर आठ भाग नदी आणि एक भाग सांडपाणी यांचे मिश्रण ४ मिलिग्रॅम येते. आयोगाला नदीची मर्यादा तेवढीच ठेवायची होती. ज्या ओढ्याला उन्हाळ्यात स्वतःचे पाणीच नाही, त्याच्याबाबतीत आठपट पाणी कोठून आणायचे? तेथे २० मिलिग्रॅमचे पाणी हीच नदी होते. म्हणून कोरड्या मुलखात शुद्ध केलेले पाणी शक्यतो नदीत न सोडता झाडांना, चाऱ्याच्या पिकांना देणे हेच नदीचे रक्षण ठरते.

दुसरी गोष्ट रोगजंतूंची. सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये आतड्यातील कोलाय जातीचे जीवाणू एक कोटीपर्यंत असू शकतात. केंद्राने त्यांतील ९९ टक्के काढले, तरी एक लाख उरतात. स्नानाच्या पाण्यासाठी आपल्याकडील मर्यादा ५०० ही इष्ट आणि २५०० ही कमाल आहे. म्हणजे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले, वास गेला, मासे जगले, तरी ते अंघोळीला योग्य असेलच असे नाही. त्यासाठी क्लोरीन किंवा एकापुढे एक उथळ तळी लागतात. या तळ्यांत ऊन आणि वेळ मिळून जंतू मरतात, आणि जंतांची अंडी तळाशी बसतात. टक्केवारी ऐकून समाधान मानू नये, उरलेला आकडा विचारावा, हा धडा गणिताच्या तासालाही शिकवण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट खतद्रव्यांची. साध्या केंद्रातून फॉस्फरस फारसा निघत नाही. तो बंधाऱ्यात साठला, की जलपर्णी फोफावते. हेही पाणी शेतीला वळवण्याचे एक कारण आहे.

बांधणे आणि चालवणे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, भारताच्या शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. बसवलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती. आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी होते सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतील फरक आपल्याला चटकन दिसतो आणि 'आणखी केंद्रे बांधा' असे आपण म्हणतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील फरकही पाहावा. बांधून तयार असलेल्या क्षमतेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वापरातच नव्हता.

असे का होते? काही ठिकाणी घरांपासून केंद्रापर्यंत नळच पोहोचलेले नसतात. काही ठिकाणी पंप बिघडतो आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. वीज बिल थकते. हवा बंद पडली, की सक्रिय गाळाच्या टाकीतील प्राणवायू काही मिनिटांतच संपतो, कारण तेथे जीवाणूंची दाटी असते. काही तासांचा खंड चालून जातो. तो दिवसांवर गेला, तर गाळ कुजू लागतो आणि वीज आल्यावरही केंद्र पूर्ववत व्हायला बराच काळ जातो. विरजण नासले, की दही लागत नाही, तसेच हे. तळ्याला हा धोका नाही, पण त्याच्याकडेही कोणी फिरकले नाही, तर पाच-सात वर्षांत ते गाळाने भरते.

म्हणून लहान गावाच्या केंद्राबाबत पहिला प्रश्न 'तंत्र कोणते?' हा नसावा. ते रोज कोण चालवणार आणि त्याचा दरमहाचा खर्च कशातून येणार, हे आधी ठरावे आणि त्यावरून तंत्र निवडावे. फोर्सखोटेनचा चर यशस्वी झाला, कारण ३६० माणसांच्या वस्तीला काय सांभाळता येईल, याचा हिशोब करूनच तो आखला होता.

वर्गात करून पाहू या

प्राणवायूचा हा जमाखर्च विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवता येतो. त्यासाठी नाल्याचे पाणी आणू नये. त्यात रोगजंतू असतात. त्याऐवजी दूध वापरावे. एक लिटर पाण्यात दोन मिलिलिटर दूध घातले, की त्या पाण्याची प्राणवायूची मागणी साधारण घरगुती सांडपाण्याएवढी होते.

झाकणाच्या चार सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत तळ्याचे किंवा विहिरीचे नुसते पाणी भरा. दुसरीत तेच पाणी आणि वरील प्रमाणात दूध. तिसरीत दुप्पट दूध. चौथीत उकळून थंड केलेले पाणी, तेवढेच पहिल्या प्रमाणातील दूध, आणि हे पाणी चांगले हलवून हवा मिसळलेली. प्रत्येकीत मिथिलीन ब्लू या रंगाच्या द्रावणाचे काही थेंब घालून फिकट निळा रंग आणा. शाळेच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य सहसा असते. बाटल्या काठोकाठ भरून, हवा आत न ठेवता घट्ट झाका आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. उजेडात शैवाल प्राणवायू सोडील आणि प्रयोग फसेल. दर दोन-तीन तासांनी, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहून नोंद करा.

पाण्यात प्राणवायू आहे तोवर रंग निळा राहतो. तो संपला, की निळा रंग जातो. कोणत्या बाटलीचा रंग आधी गेला? चौथीला वेळ का लागला? रंग गेलेली बाटली थोडी रिकामी करून, झाकण लावून जोराने हलवा. निळा रंग परत येतो. पासवीर यांचा ब्रश नेमके हेच करीत होता. मत्स्यालयाचा लहान पंप मिळाला, तर दूध घातलेल्या पाचव्या भांड्यात हवा सोडत राहा आणि ते निळेच राहते का ते पाहा. प्रयोगानंतर बाटल्या आणि हात साबणाने धुवावेत.

जवळपास शुद्धीकरण केंद्र असेल, तर परवानगी काढून वरच्या वर्गांची सहल तेथे न्यावी. जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना प्रश्न लिहून काढायला सांगावेत. गावातील किती घरांचे सांडपाणी येथे येते? गेल्या महिन्यात केंद्र किती दिवस चालू होते? वीज किती लागली आणि बिल कोण भरते? गाळ कोठे जातो? बाहेर पडणारे पाणी कोठे सोडतात आणि तेथून पुढचे पहिले गाव कोणते?

शेवटचा प्रश्न राहू देऊ नये. प्राणवायूच्या आलेखातील झोळीचा तळ बहुधा त्याच गावापाशी असतो, आणि आपल्या वरच्या अंगाला एखादे गाव असेल, तर त्याच्या आलेखाचा तळ आपल्यापाशी.